घरमा गाडी, का गाडीमा घर?

"आयकं का वं? कोपरावालासनी पुढलं दार पाडी टाकं!"

बातमी भिंतीवरून आली. पलीकडे जिजी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या, अलीकडे मी धुणं वाळत घालत होते. दार पाडलं म्हटल्यावर भावाभावांत काही झालं की काय, अशी शंका आली. आमच्या दोंडाईच्यात कुणाची भिंत पडली की माणसाला आधी वाटणीच सुचते. पण तसलं काही नव्हतं. कोपऱ्यावाल्यांनी चारचाकी घेतलीय. साडेतीन फुटांच्या दारातून ती आत जाईना, म्हणून सागवानी चौकट काढली आणि तिथं शटर बसवायचं ठरलंय. दुकानाला असतं तसं. म्हणजे यापुढे ते घर सकाळी खडखड करून उघडणार आणि रात्री खडखड करून बंद होणार.

"मग बसायची खोली?" मी विचारलं.

"गाडी बसी ना तठे!" जिजी म्हणाल्या, आणि मिरचीचा देठ असा तोडला की जणू कोपऱ्यावाल्यांची मानच.

जिजींची अहिराणी जशीच्या तशी लिहिली तर खान्देशाबाहेरच्या वाचकांना ठसका लागेल. म्हणून तिखट तेवढी ठेवते, बाकीची माझ्या भाषेत सांगते.

आता कोपऱ्यावाल्यांनाच का नावं ठेवायची? आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर चक्कर मारा. दिवेलागण झाली की एकेका घरासमोर तोच सोहळा. गाडीवाला गाडी वळवतो, तोंड दाराकडे करतो, आतून कुणीतरी चपला बाजूला सारतं, पडदा वर धरतं, "पोराला घे गं" म्हणून ओरडतं, आणि अर्ध्या क्लचवर घर्रर्र करत गाडी उंबरठा ओलांडते. नव्या नवरीला माप ओलांडताना एवढी माणसं जपत नसतील.

गल्लीतल्या दोन भावांच्या एका घरात तर पुढच्या खोलीत दोन मोटारसायकली आणि धाकट्या सुनेची विजेवरची स्कूटर, अशा तिघी जावा-जावांसारख्या तोंडं फिरवून उभ्या असतात. मागं त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. मुलाचे मामा सरळ मोटारसायकलीवर बसले. पोह्यांची बशी आली ती त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर ठेवली आणि लिंबू पिळून निवांत खाल्ले. मुलगी समोर खाली मान घालून बसलेली. निघताना मामांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" मुलीचा बाप गडबडला. विचारणं गाडीबद्दल होतं. लग्न मात्र जमलं.

"आणि त्यांचा म्हातारा कुठं झोपतो, माहीतंय का तुला?" जिजींनी आवाज खाली आणला. "बोळात. खोलीत तीन गाड्या, बोळात बाप. घरमा गाडी शे, का गाडीमा घर शे, तेच समजत नाही."

मी गप्प बसले, कारण आमच्याही घरात काय वेगळं आहे? ह्यांची स्प्लेंडर पुढच्या खोलीत टीव्हीच्या समोरच्या भिंतीला लागून उभी असते. तिच्याखाली गोणपाट, गोणपाटाखाली पुठ्ठा, तरी ऑइलचा थेंब कुठून तरी वाट काढतोच. डबल स्टँडच्या पायांनी नव्या टाइल्सवर दोन टवके उडालेत. तिथं गाडी बरोबर बसते, म्हणून ते टवके आता 'खूण' म्हणून ओळखले जातात. एका हँडलला पोराचं दप्तर, दुसऱ्याला भाजीची पिशवी. डाव्या आरशात बघून मी टिकली लावते, उजव्या आरशात बघून सासरे मिश्या कातरतात. पावसाळ्यात सीटवर उशांचे अभ्रे वाळतात. सायलेन्सरचा चटका बसला नाही असं एकही पोर घरात नाही. पोटरीवरचा तो डाग आमच्या गल्लीतल्या मुलांचा जन्मदाखलाच म्हणा.

आत घ्यायची कारणं विचाराल तर प्रत्येकाकडे तयार आहेत. बाहेर ठेवली की रात्री पेट्रोल जातं. पेट्रोल नाही गेलं तर बॅटरी जाते. बॅटरी राहिली तर पोरं खिळ्यानं टाकीवर नाव कोरतात. सीटवर मांजर नखं घासतं, चारचाकी असेल तर उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी खातात. त्यावर उपाय म्हणून कुणी तंबाखूची पानं ठेवतं, कुणी फिनेलच्या गोळ्या. आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बाहेर उभ्या गाडीच्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. हप्ते अजून भरायचेत, रंग कसा उडू द्यायचा?

"म्हणून गाडी पंख्याखाली," जिजी म्हणाल्या, "आणि तुझा सासरा अंगणात खाटेवर, डास मारत!"

खोटं नाही ते. उन्हाळ्यात आपण सगळे गच्चीवर नाहीतर अंगणात झोपणारे लोक. घराला कुलूप, आत गाडी एकटी. चोर आला तर त्याला माणसं ओलांडून गाडीकडे जावं लागेल, अशी ही व्यवस्था.

पण जिजींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, घरात जनावर बांधणं आपल्याला नवं नाही. त्यांच्या माहेरी धाब्याचं घर होतं. पुढलं दार उघडलं की एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला दोन पायऱ्या वर चुलीची आणि झोपायची जागा. रात्री बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला नाही तर आजोबा उठून कंदील घेऊन बघायचे. ज्याच्या जिवावर घर जेवतं त्याला उघड्यावर ठेवायचं नाही, एवढा साधा हिशोब. पोळ्याला त्याच बैलाच्या शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल आणि तोंडात पुरणपोळी. आता दसऱ्याला हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि टाकीवर हळदीकुंकू. देव तेच, फक्त वाहन बदललं.

"बैल शेण द्यायचा," जिजी म्हणाल्या, "सारवायला, गोवऱ्यांना, शेताला. ही काय देते? काळं ऑइल!"

बैल गेला तसा मधे एक काळ लुनाचा होता. १९७२ साली कायनेटिकची लुना आली, पन्नास सीसीची. ती घरात घ्यायला उतार लागायचा नाही. नवरा-बायको दोन बाजूंनी धरून पायऱ्या चढवायचे, सायकलीसारखी. दूधवाल्यांच्या राजदूत आणि एम-एटीही होत्या. चेतक स्कूटर पण १९७२ चीच, पण तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. पोरगा शाळेत असताना नंबर लावायचा आणि त्याच्या लग्नात गाडी यायची. एवढ्या वाट बघण्यानं आलेली वस्तू कोण बाहेर ठेवील? तिला पुढच्या खोलीत क्रोशाचं कव्हर घालून ठेवत, टीव्हीच्या शेजारी. जिजी म्हणाल्या, चेतक म्हणजे राणाप्रतापाचा घोडा ना? मग बरोबरच आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला लाखा-लाखाचे घोडे येतात, ते मालक तरी रात्री कुठं उघड्यावर सोडतात? घोड्याशेजारीच पथारी टाकतात. आता २०२० पासून तो चेतकही विजेवर आलाय. म्हणजे घोडा परत आला, पण चारा नको, बोर्डातली पिन हवी.

एवढ्यात समोरचे गुरुजी दूध घेऊन आले. निवृत्त माणूस, रोज दोन पेपर वाचतात आणि तिसरा आमच्यासमोर वाचून दाखवतात. विषय कळल्यावर त्यांनी दुधाची पिशवी भिंतीवर ठेवली, तेव्हाच मी समजले, आज दूध नासणार.

"तुम्हाला माहीतंय का," गुरुजी म्हणाले, "सरकारच्या बांधकाम नियमात एका दुचाकीला किती जागा धरतात? एक मीटर बाय दोन मीटर. दोन चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. आणि आपली खाट असते तीन बाय सहा, म्हणजे अठरा चौरस फूट. म्हणजे गाडी घरात आली की एक खाट बाहेर गेली, वर साडेतीन फूट व्याज."

"आणि चारचाकी?" जिजींनी लगेच विचारलं. तेव्हा माझं लक्ष गेलं नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

"चारचाकीला अडीच बाय पाच मीटर. साडेबारा चौरस मीटर. दहा बाय तेराची अख्खी खोली. घरकुल योजनेतलं घर किती असतं? किमान पंचवीस चौरस मीटर, चुलीच्या जागेसकट. म्हणजे दोन गाड्या उभ्या केल्या की घरकुल संपलं. माणसांनी काय, गाडीत राहायचं!"

"रुंदी किती म्हणायची?" जिजी परत.

"साधी वॅगनआर घेतली तरी एक पूर्णांक बासष्ट मीटर. सव्वापाच फुटांच्या थोडी वर. आरसे सोडून. दार उघडायला आणखी दोन फूट हवेत, नाहीतर माणूस आत बसणार कसा? खिडकीतून?"

मग गुरुजींनी लांबीचीही गंमत सांगितली. २००६ च्या केंद्रीय बजेटात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. झालं, कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या कापल्या. डिकीवाल्या गाड्यासुद्धा चार मीटरला पाच-सहा मिलिमीटर कमी, अशा बसवल्या. आपल्या पुढच्या खोल्यासुद्धा तेरा-चौदा फुटांच्या. "दिल्लीवाल्यांनी कर मोजून केला, पण माप बरोबर आपल्या खोलीचं निघालं," गुरुजी म्हणाले. गेल्या वर्षी, २०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, लहान गाड्यांचा आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. दहा दिवसांनी दसरा. त्या दसऱ्याला आमच्या गल्लीत झेंडू कमी पडला, यात नवल काय? गाड्या स्वस्त झाल्या. गल्ली होती तेवढीच राहिली.

"मोठ्या लोकांचं बरं असतं," मी म्हटलं. "मुंबईत त्या अंबानींच्या घरात म्हणे खालचे मजलेच्या मजले गाड्यांना. एकशे अडुसष्ट गाड्यांची सोय."

"त्याचं घरच गाडीएवढं नाही, गाड्याच त्याच्या घराएवढ्या," जिजी म्हणाल्या. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण ऐकायला बरोबर वाटलं.

गुरुजी त्याच्याही पुढे गेले. सिंगापूरला हॅमिल्टन स्कॉट्स नावाची तीस मजली इमारत आहे. तिथं गाडी लिफ्टनं थेट आपल्या मजल्यावर येते आणि बैठकीच्या खोलीशेजारी काचेमागे उभी राहते. सोफ्यावर बसायचं आणि चहा पीत गाडी बघायची. पुण्या-मुंबईतही हौशी लोक जुनी बुलेट घासूनपुसून हॉलमध्ये शोभेला ठेवतात, वर दिवा सोडतात. मला हसू आलं. त्यांच्याकडे जागा उरते म्हणून गाडी आत येते. आपल्याकडे जागा नसते म्हणून येते. ते कौतुकानं ठेवतात, आपण धाकानं. पाहुणा आला की ते म्हणतात, "बघा, आमची गाडी." आपण म्हणतो, "जरा जपून, सायलेन्सर गरम आहे."

"आणि जपानात," गुरुजींनी पिशवी उचलली तशी परत ठेवली, "१९६२ पासून कायदा आहे. गाडी ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते, पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही."

"मग बरंच आहे," जिजी म्हणाल्या. "दाखल्यावर लिहायचं, जागा: सासूची खाट."

जिजींची मधली मुलगी सुरतेला असते, उधन्याला. आपल्या खान्देशातली निम्मी भावकी तिकडेच आहे म्हणा ना. तिच्या खोलीला पोटमाळा आहे. माणसं वर, गाडी आणि गॅसची शेगडी खाली. जिजी महिनाभर राहून आल्या, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसलीय. सकाळी जावयानं गाडी खोलीतच चालू करून गरम होऊ दिली, शेजारी लेक फोडणी घालत होती. पेट्रोलचा वास आणि लसणाचा वास एक झाला. जिजी उठून बाहेर जाऊन बसल्या. जावयाला वाटलं, सासूबाई रागावल्या.

इथं मात्र मी जिजींची बाजू घेतली. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत जाते. आणि आपल्या घरात फरशीच्या जवळ काय काय असतं? देवापुढची समई, उदबत्ती, बायका खाली बसून स्वयंपाक करतात ती शेगडी. जुन्या गाड्यांचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला की रात्रभर थेंब थेंब गळतो. त्या गाड्यांना निदान कॉक असायचा, आत घेतली की बंद करायचा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहाच्या गाड्यांत इंजेक्शन आलं, कॉक गेला. दुसरं म्हणजे बंद खोलीत गाडी चालू ठेवणं. थंडीत गाडी तापवायला दोन-पाच मिनिटं लोक आतच रेस देतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणसाला नुसती झोप आल्यासारखी वाटते. गाडी ढकलत बाहेर काढावी, मग किक मारावी. एवढंच काम आहे.

आणि तिसरी ती धाकट्या सुनेची विजेवरची. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरनं पेट घेतला आणि धुरानं गुदमरून बाप-लेक गेले. त्यानंतर सरकारनं बॅटऱ्यांचे नियम कडक केले, १ डिसेंबर २०२२ पासून लागूही केले. नव्या गाड्या आधीपेक्षा बऱ्या आहेत. पण मला बॅटरीपेक्षा जागेची भीती वाटते. आपल्या घराला दार एक. गाडी उभी कुठं? दारात. चार्जिंगला कधी लावतो? रात्री सगळे मागच्या खोलीत झोपल्यावर, टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर. उद्या काही झालं तर आग वाटेतच, आणि माणसं आत. बैल निदान हंबरून जागं करायचा, दावं तोडून बाहेर पळायचा. ही मुकाट उभी असते.

"सांग त्या पोरीला," जिजी म्हणाल्या. "दिवसा लाव म्हणावं, डोळ्यासमोर. आणि गाडी दारातून सरकव."

"सांगितलं. ती म्हणते, सरकवू कुठं? मागं सासऱ्यांचा बोळ."

गुरुजी हळूच सटकले. दूध नासलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांच्या घरातून आवाज आला.

वर्षात एकदाच गाड्यांना घर सोडावं लागतं, ते कानबाई देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिला पुढचीच खोली लागते. घराला रंग, चौरंगाला केळीचे खांब, रोटांसाठी दळण, सगळी भाऊबंदकी गोळा. त्या दोन दिवसांत गल्लीतल्या सगळ्या गाड्या बाहेर एका रांगेत उभ्या असतात आणि एकीचंही पेट्रोल जात नाही, कारण रात्रभर गाणी चालू असतात, गल्ली झोपतच नाही. सोमवारी कानबाईला निरोप दिला की रिकाम्या चौरंगाच्या जागी संध्याकाळी परत गाडी. मागच्या वेळी आमच्याकडे पोरानं विचारलं होतं, "आई, चार दिवस खोली अशीच ठेवू ना?" मोकळ्या खोलीत त्यानं पहिल्यांदा भोवरा फिरवला होता.

"पण मी म्हणते," मी कपड्यांचा पिळा सोडत म्हटलं, "खोलीचं एक वेळ जाऊ द्या. ओटा गेला त्याचं काय?"

जिजी काही बोलल्या नाहीत, म्हणजे लागलं होतं.

गाडी आत यायची तर उतार हवा, आणि उतार करायला जागा कुठली? ओट्याची. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ओटे होते, शहाबादी फरशीचे. दुपारी त्यावर बिबडे वाळायचे, कुरडया वाळायच्या, म्हाताऱ्या वाती वळायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की याच ओट्यांवर गाणी म्हणत बसायच्या. कुणाची सून रुसली, कुणाच्या मिरचीला बाजार समितीत काय भाव फुटला, कुणाचं पोर सुरतेला पळालं, सगळं ओट्यावर बसल्या-बसल्या कळायचं. मग एकेक ओटा फोडला आणि सिमेंटचा उतार ओतला. वर चाक घसरू नये म्हणून रेघा मारल्या. त्या उतारावर आता कुणाला बसता येत नाही, पापड घालता येत नाहीत, नुसता पाय घसरतो. पुरुषांची गाडी आत आली, तेव्हा कुणाचा कोपरा गेला हे कुणी विचारलंच नाही. पुरुषांना पानटपरी होती, चौक होता, बाजार समिती होती. आम्हाला ओटा होता.

"म्हणून तर आपण अशा भिंतीवरून बोलतो," मी म्हटलं. "मी उभी, तुम्ही मान वर करून. माझे गुडघे दुखतात आणि तुमची मान."

"खरं शे," जिजी म्हणाल्या. मग त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि आवाज एकदम गोड केला. जिजींचा आवाज गोड झाला की मी सावध होते. "तुले एक सांगू का?"

"सांगा."

"मन्हा आंडोरनी बी गाडी बुक करी."

आत्ता कळलं! रुंदी किती, दार उघडायला किती फूट, ते सगळं कशाला चाललं होतं. कोपऱ्यावाल्यांच्या शटरला सकाळपासून नावं ठेवणाऱ्या जिजींच्या घरात चारचाकी येतेय. शटर त्यांना नको, पुढची खोली पण सोडायची नाही, ओटा तर गल्लीतला एकुलता एक शिल्लक त्यांचाच. मग राहिलं कुठं? घर आणि आमची सामाईक भिंत यांच्या मधलं सात फुटांचं अंगण. गाडी मावते, दार उघडत नाही. हातभर कमी पडतं.

"हातभरच," जिजी म्हणाल्या आणि भिंतीवर असा हात फिरवला, जणू ती आमच्याच बाजूला सरकायची वाट बघतेय.

शेताचा बांध वितभर सरकला तरी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी आपली माणसं. मी सरळ नाही म्हणू शकले असते. पण ओट्याबद्दल आत्ताच एवढं बोलून बसले होते. थोडा विचार केला आणि म्हटलं, "जिजी, भिंत सरकवायची नाही."

त्यांचा चेहरा उतरला.

"काढायचीच. अख्खी. तुमच्या गाडीचं दार आमच्या अंगणात उघडू दे. जागा आमची ती आमची, तुमची ती तुमची. कागदावर गुरुजींकडून लिहून घेऊ, त्यांना तेवढंच काम. पण दोन अटी. तुमचा ओटा फोडायचा नाही, दुपारी तो माझ्या बिबड्यांना मोकळा हवा. आणि ह्यांची स्प्लेंडर रात्री तुमच्या गाडीमागे, शेडखाली उभी राहील. माझी खोली मला परत हवी."

जिजींनी मनातल्या मनात हिशोब केला. शेडचे पत्रे कोणाचे, कुलूप कोणाचं, पावसाचं पाणी कुठल्या बाजूला पडणार, सगळं डोळ्यांत दिसत होतं. मग मान हलवली.

"आणि माहेरी जायचं झालं तर गाडी आम्हालाही," मी चिकटवून दिलं.

"ले ना," जिजी म्हणाल्या, आणि सूप परत मांडीवर घेतलं. "पेट्रोल मातर तुन्हं."